हाताएवढी फट

लोकांना वाटायचं, तिला किळस येतच नाही. वृद्धाश्रमात नवी बाई कामाला लागली की पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत तोंडावर फडकं दाबून मागच्या दारात उभी असायची. मग मेट्रन तिला दंडाला धरून आत आणायची आणि न्हाणीघराच्या दारातून हिच्याकडे बोट दाखवायची. "ती बघ. तिला नाक आहे का?"

नाक होतं, आणि चांगलं तिखट होतं. डोळे बांधले असते तरी तिनं वास घेऊन कुठली म्हातारी कुठली ते सांगितलं असतं. एकीला हातात धरून धरून काळ्या पडलेल्या नाण्यांचा वास यायचा, एकीला भिजलेल्या पुठ्ठ्याचा. एकीच्या मानेच्या वळीतून गोडसर, नासत चाललेल्या फळाचा. तिला रोज मळमळायचं. रोज पहिली बादली भरताना पोटातलं वर यायचं आणि ती ते पाण्याशिवाय गोळी गिळावी तसं गिळून टाकायची. यात काही मोठेपणा होता असं तिला वाटत नसे. किळस दाखवायची नाही, हा कामाचा भाग होता, जसा पायात रबरी चपला घालणं हा कामाचा भाग होता.

बुटकी, रुंद, दंडानं जाड. पलंगावरून खुर्चीवर म्हातारी हलवायला इतरांना दोघी लागायच्या. ही एकटी काखेत हात घालायची, एक हिसका द्यायची आणि बाई खुर्चीत. म्हणून तिला सगळे पैलवान म्हणत. म्हाताऱ्यासुद्धा.

न्हाणीघर लांबट होतं. फरशीला उतार, उताराच्या टोकाला जाळी, जाळीवर सदाकदा पांढऱ्या केसांचा गुंता. मध्ये बसायला भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची. तिला काम शिकवलेल्या बाईनं एक पद्धत घालून दिली होती: वरचं अंग धुताना बोलायचं, खालचं धुताना गप्प राहायचं आणि भिंतीकडे बघायचं. म्हाताऱ्यांना न सांगता हे कळायचं. त्या समोरच्या भिंतीकडे बघायच्या. दोघी दोन भिंतींकडे बघत असताना मधलं काम हात उरकून टाकायचे आणि मग कुणीतरी पाणी गार झाल्याचं बोलायचं. त्या जागेत जी काही अब्रू शिल्लक राहायची ती एवढीच.

आणि ती झटपट होती. बाहीत घालायला एखादीचा हात थरथरत वर येऊ लागे, तोवर हिनं तो उचलून बाहीत सरकवलेला असे. कंगव्याकडे बोटं सरकत, तोवर वेणी झालेली असे. "राहू द्या हो, मी करते ना, लवकर होतं," ती म्हणायची. मेट्रनला ती त्यासाठीच आवडायची.

पन्नाशीच्या आसपास तिचा उजवा खांदा दुखायला लागला. सुरुवात कशानं झाली ते तिला आठवत नव्हतं. एकदा मागे वळून टॉवेल ओढताना कुणीतरी आतून पेचकस फिरवावा तशी कळ आली, एवढं आठवत होतं. अंगाखाली हात दबला असेल म्हणून तिनं सोडून दिलं. पुढे कळ कमी झाली तेव्हा तिला वाटलं, बरं वाटतंय. पण कळ कमी होत गेली तसतसा हातही कमी होत गेला. आधी वरच्या फळीवरचा डबा गेला. मग पाठीवरचा हूक. मग वेणी. शेवटी कोपर बरगडीला जे चिकटलं ते चिकटलंच, जसा ओला कपडा अंगाला चिकटतो.

मेट्रननं तिला आंघोळींवरून काढून चादरींच्या खोलीत बसवलं. तिथं ती घड्या घालायची, त्याही डाव्या हातानं आणि हनुवटीनं. जाता-येता पोरी म्हणायच्या, "पैलवान, उशी झेपेल ना गं?" ती म्हणायची, "तुला झेपते का बघ, नाहीतर तुझ्या तोंडावर ठेवून दाखवते." सगळ्या हसायच्या. तीही हसायची. मग पुन्हा हनुवटीखाली चादर.

घरी ती आणि तिची नणंद. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याची थोरली बहीण लग्न न करता या दोन खोल्यांत आधीपासून होती, ती तशीच राहिली. वन्संनी सगळी नोकरी चौकशीच्या खिडकीत काचेमागे बसून केलेली. काचेला तळाशी अर्धगोल भोक, त्यातून कागद आत येणार, कागद बाहेर जाणार, माणूस पलीकडेच. घरही त्यांनी तसंच ठेवलं होतं. भावजय कामावरून आली की तिनं दाराजवळच कपडे बदलायचे. तिचा साबण वेगळा, तिचा पेला वेगळा. "तुझ्या कामाला मी नावं ठेवत नाही," वन्सं म्हणायच्या, "पण मला बाई ते सोसत नाही." तिला याचा राग येत नसे. वन्संना किळस येते हे तिला समजण्यासारखं वाटायचं. तिलाही यायची.

तिच्या उजव्या काखेत आता पाणी जात नव्हतं. डाव्या हातात साबण घेऊन ती पुढे वाकायची, हात लोंबता सोडायची, पण काखेच्या वळीपर्यंत बोटंसुद्धा पोचत नसत. तिनं पातळ फडकं मागून पुढे घालून पाहिलं, बूट पुसणारे ओढतात तसं दोन्ही टोकांनी ओढून पाहिलं. फडकं पिवळं होऊन यायचं, आतलं तसंच. पावडर मारली तर ती ओली होऊन पिठासारखी लिबलिबली. कातडी पांढरी पडली, मऊ झाली, आणि तिला आंबलेल्या दुधाचा वास यायला लागला. तो वास तिच्या ओळखीचा होता. कोपऱ्यातल्या पलंगांना तो येतो, जिथली बाई घाईत धुतली जाते.

एक दिवस वन्सं म्हणाल्या, "घरात काहीतरी मेलंय गं."

"काय मेलंय?"

"उंदीर असेल. कुजलाय." वन्संनी कपाट सरकवलं. शेगडीखाली वाकून पाहिलं. माळ्यावरचे खोके खाली काढले. नाक पुढे करून त्या खोलीभर हिंडत राहिल्या आणि हिंडता हिंडता हिच्याजवळ येऊन थांबल्या. नाक पुन्हा एकदा ओढलं.

"अगं बाई! तू आहेस होय!"

 

तिला वाटलं, आता वन्सं तिचा पलंगही दाराबाहेर टाकतील. झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी वन्संनी बाह्या सरसावल्या, हातमोजे घातले आणि न्हाणीघरात स्टूल ठेवून तिला हाक मारली. चार-पाच दिवसांनी हातमोजेही गेले.

"हात वर कर. नाही होत? किती होतो? एवढाच? थांब, मी घालते बोटं. अगं, केवढं साचलंय! दाखवते तुला."

"नका दाखवू, वन्सं."

"बघ तरी! हे बघ." बोट तिच्या डोळ्यांसमोर. "लेपासारखं. आणि इथं लाल झालंय. आणि हा तीळ कधीपासून आहे गं तुला? माझ्या भावाला माहीत होता का?"

"धुवा ना लवकर."

"घाई काय आहे? मला काही वाटत नाही हो. आपल्याच माणसाचं."

वन्सं खरंच काही न वाटता धुवायच्या. नखानं खरवडायच्या. वाकून बघायच्या, पुन्हा बघायच्या, आणि पूर्ण वेळ बोलायच्या. वरचं धुताना बोलायच्या आणि खालचं धुतानाही बोलायच्या. ती आपली भिंतीकडे बघत राहायची. पण दुसऱ्या भिंतीकडे बघायला कुणी नव्हतं. जिन्यात शेजारीण भेटली की वन्सं आवाज खाली आणून, पण हिला ऐकू जाईल इतपतच खाली आणून, सांगायच्या, "मीच न्हाऊ घालते तिला. सगळं करावं लागतं. अगदी सगळं." जन्मभर काचेमागे बसलेल्या बाईला उतारवयात एकदम माणसाची कातडी सापडली होती आणि ती तिला सोडत नव्हती.

त्या बोटांची तिला जेवढी शिसारी आली तेवढी कुणाच्याही मलमूत्राची कधी आली नव्हती. रोज सकाळी वन्संच्या पायांचा आवाज न्हाणीघराकडे गेला की तिच्या मानेवर काटा यायचा. तिला वेणीची पर्वा नव्हती. हूक काय, मागचा सोडून पुढचा लावता येतो. आश्रमातली जुनी जागा परत मिळाली नसती तरी तिनं चादरींच्या घड्या घालत दिवस काढले असते. तिला फक्त फट हवी होती. दंड आणि अंग यांच्यात स्वतःचा डावा हात साबणासकट शिरेल एवढी. ती मिळाली की वन्संना न्हाणीघराबाहेर काढता येणार होतं.

डॉक्टर म्हणाले, "फ्रोझन शोल्डर. खांदा गोठलाय."

"मग उन्हात बसू?"

डॉक्टर हसले नाहीत. आपोआप सैल होतो म्हणाले, पण वर्ष, दोन वर्षं, काही सांगता येत नाही. व्यायाम केला तर लवकर. त्यांनी एक पत्ता दिला.

व्यायामाची जागा टायरच्या दुकानावर होती. खालून रबराचा वास यायचा आणि वर आल्यावर पुन्हा रबराचाच. गाद्यांवर आधीच्या माणसांच्या पाठींचे ओले ठसे असायचे. ते वाळायच्या आत पुढचा माणूस त्यांवर झोपायचा. भिंतीवर एका बाईचं मोठं चित्र होतं, दोन्ही हात वर, दात सगळे दिसताहेत, काखा अशा चकचकीत की तिथं कधी काही उगवलंच नसावं. ते चित्र बघून तिला थुंकावंसं वाटायचं.

व्यायाम शिकवणारी बाई तिशी-पस्तिशीची, कायम सर्दी झालेली. बोटं गार आणि ओलसर. गोड बोलायची तिला सवय नव्हती, हे त्यातल्या त्यात बरं होतं. आधी तिनं भिंतीशी बाजूनं उभं केलं. कोपर वाकवून अंगाला, मनगटाची मागची बाजू भिंतीला. "भिंत ढकला."

"हलत नाही."

"हलायला नकोच आहे. जोर लागला पाहिजे. मोजा मनात. सोडा."

काही दिवस भिंत ढकलून झाल्यावर तिनं एक पिवळी रबरी पट्टी दिली. तिच्यावर पावडर होती, तरी ती हाताला चिकटायची. पट्टीचं एक टोक दाराच्या मुठीला बांधायचं, दुसरं हातात धरायचं. कोपर आणि बरगडी यांच्यात टॉवेलची घडी धरायची, ती पडू द्यायची नाही. आणि हात पोटापासून बाहेर, बाजूला न्यायचा, दार उघडल्यासारखा. मग परत.

"परत येताना सावकाश," बाई शिंकून म्हणाली. "पट्टी ओढेल. ओढू द्यायचं नाही. परत येतानाच खरं काम आहे."

"पण मला हात वर न्यायचाय. हा तर बाजूला चाललाय."

"बाहेर फिरल्याशिवाय तो वर जाणार नाही. आत अडकतो. हात दमेपर्यंत करा, कळ मारेपर्यंत नको. महिन्याने या."

तिला हे सगळं पोरखेळ वाटलं. इतकी वर्षं तिनं हात वर नेले होते, शेकडो, आखडलेले, वाकडे, कडक झालेले. हात कसा वर जातो ते तिला कुणी शिकवायला नको होतं. हात उचलायचा असतो. खालून धरायचा आणि उचलायचा. आपला हात आता उचलत नाही, तर तो उचलणारं दुसरं काहीतरी पाहिजे, आणि या पट्टीत जोर तर आहे. घरी आल्यावर तिनं पट्टी दाराच्या मुठीला न बांधता वरच्या झरोक्याच्या गजाला बांधली, खालच्या टोकाला फास केला, त्यात उजवं मनगट अडकवलं आणि गुडघे वाकवले.

पट्टी तिचा हात वर ओढू लागली. डोळ्यांत पाणी आलं. दात-ओठ खात ती आणखी वाकली. डाव्या हातानं कोपर खालून रेटलं. एखादी म्हातारी हट्टाला पेटली की ती असंच करायची, थोडं रेटायची, थोडं रागवायची. "चल. चल वर. नाटकं नकोत," ती स्वतःच्या हाताला म्हणाली.

वन्सं दारात आल्या. "फास लावून घेतेस की काय?"

"व्यायाम आहे."

"त्यापेक्षा मला सांग, मी ओढते."

महिनाभर ती रोज टांगून घेत होती. खांदा सुजल्यासारखा जड झाला, कळ दंडातून अंगठ्यापर्यंत जायची. वन्संची बोटं काखेत शिरली की आता ती ओरडायची, आणि वन्सं म्हणायच्या, "अगं, लहान पोर आहेस का?"

महिन्यानं सर्दीवाल्या बाईनं तिचा हात धरून वर नेला, कोनमापक लावला, नाक पुसलं, पुन्हा लावला.

"कमी झालाय."

"काय कमी झालंय? रोज करते मी. रडत करते."

"रडत?" बाईनं मान वर केली. "दाखवा, घरी कसं करता."

तिनं इकडेतिकडे बघून खिडकीच्या वरच्या गजाला पट्टी बांधली, मनगट अडकवलं, गुडघे वाकवले. बाई बघत राहिली. तिच्या तोंडावर जे आलं ते हिनं बरोबर ओळखलं. नव्या पोरी न्हाणीघराच्या दारात उभ्या राहिल्या की त्यांच्या तोंडावर हेच यायचं.

"सोडा ते. सोडा आधी." बाईनं स्वतः तिचं मनगट काढलं. "अहो, हा व्यायाम तुम्ही केलाच नाहीत. पट्टीनं केला. तुमचा हात नुसता लटकला होता."

"वर तर जात होता."

"कोण नेत होतं वर? रबर. आणि सूज आणून ठेवलीत ती वेगळी. ही पट्टी तुम्हाला उचलायला दिलेली नाही. तुमच्याशी भांडायला दिलीये. तुम्ही एकीकडे, ती दुसरीकडे. भांडणात तुमचा खांदा कामाला लागेल. कळतंय?"

"हो," ती म्हणाली. कळलं नव्हतं. टायरच्या दुकानावरून जिना उतरताना तिनं त्या बाईला, तिच्या सर्दीला आणि भिंतीवरच्या दातांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. पट्टी गटारात टाकावीशी वाटली. टाकली नाही, कारण उद्या सकाळी स्टूल मांडून ठेवलेलं असणार होतं.

त्याच आठवड्यात आश्रमात दोघी जणी कामावर आल्या नाहीत. मेट्रन चादरींच्या खोलीत आली. "एका हातानं का होईना, चल. नुसता टॉवेल धर."

न्हाणीघरात नवी बाई हेडबाईंशी झगडत होती. हेडबाई एके काळी शाळेच्या मुख्याध्यापिका. आश्रमातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आणि सगळ्यांत नकोशा. आंघोळीला नेलं की चावायच्या, नखं मारायच्या, थुंकायच्या. कोपरं बरगड्यांना अशी आवळून धरायच्या की तीसुद्धा, पैलवान असताना, घामाघूम व्हायची. ती खालून वर रेटणार, हेडबाई वरून खाली दाबणार. तिनं हात बाहेर ओढला की हेडबाई आत ओढणार, आत ढकलला की बाहेर. इतकी वर्षं रोज.

"मूर्ख! हात लावू नकोस! नापास करीन!" हेडबाई ओरडत होत्या. नवी बाई मागून वाकली, आणि हेडबाईंनी तिच्या अंबाड्यासाठी हात टाकला. दोन्ही हात. सरळ डोक्याच्या वर गेले, कानांच्या मागे गेले, आणि दहा बोटांनी अंबाडा पकडला.

ती टॉवेल धरून बघत राहिली. त्या वयाच्या बाईचे हात एवढे वर गेलेले तिनं त्या न्हाणीघरात पाहिलेच नव्हते. पाहिले असतील, पण तिच्या स्वतःच्या पंजात धरलेले.

दुसऱ्या खुर्चीत गोडआजी बसल्या होत्या. त्यांना सगळेच गोडआजी म्हणत. कधी तक्रार नाही, कधी हट्ट नाही. आश्रमात आल्या तेव्हा स्वतःची वेणी स्वतः घालायच्या, सावकाश, अर्धी सकाळ लावून. पैलवान घाईत असायची. काही महिन्यांत त्यांनी कंगव्याकडे बघणंही सोडलं. आता पेला तोंडाशी न्यायलाही माणूस लागत असे.

ती त्यांच्यासमोर गेली. "आजी, हात वर करा."

आजी हसल्या.

"करा ना. थोडासा."

आजी हसत राहिल्या आणि वाट बघत राहिल्या. कसली वाट ते तिला ठाऊक होतं. तिनं खालून हात घालावा आणि उचलावा. आजींचे हात मांडीवर पडले होते, धुऊन पिळून ठेवल्यासारखे स्वच्छ आणि मेलेले. तिच्याच हातचं काम. लोक ज्याची वाहवा करत होते ते काम. तिला ओकारी आली, खरोखरची. बादलीच्या कडेला धरून ती वाकली. मेट्रन दारातून म्हणाली, "काय गं, तुला? तुला नाक कधीपासून आलं?"

त्या दिवशी घरी येऊन तिनं पट्टी झरोक्यावरून सोडली आणि दाराच्या मुठीला बांधली. टॉवेलची घडी कोपरात धरली. हात बाहेर नेला. दोन बोटं गेला असेल. परत येताना पट्टीनं ओढलं, आणि तिनं ओढू दिलं नाही. आत, पाठीकडे, खांद्यामागच्या पंख्यासारख्या हाडाखाली काहीतरी थरथरलं, म्हाताऱ्या बाईची बाहीकडे निघालेली बोटं थरथरतात तसं. दुखणं असं नव्हतं ते. ती तिथं कुणी राहत असेल हेच विसरून गेली होती.

आनंद वगैरे काही झाला नाही. ती ते रोज करू लागली आणि रोज तिला त्याचा वीट यायचा. पट्टीच्या रबराला आता तिच्याच घामाचा वास लागला होता. घडी पडायची, वाकून उचलायची, पुन्हा पडायची. खांदा लबाडी करायचा. हात बाहेर न्यायचा असला की कानाकडे चढायचा, आणि तिला आरशात बघून त्याला खाली बसवावं लागायचं. आरशात दिसणारी ती जाडी, लाल झालेली, तोंड वाकडं केलेली बाई तिला अजिबात आवडत नसे. कोपर सुटायला लागलं तेव्हा सर्दीवाल्या बाईनं हात पुढून वर ओढायचा प्रकार दिला आणि पिवळी काढून लाल पट्टी दिली. "ही जास्त भांडते," म्हणाली. शाबासकी दिली नाही, म्हणून तिला ती बाई थोडी सोसू लागली.

फट आली ती अशी की आधी कळलीच नाही. आधी ती वन्संना कळली.

"आज बोटं सहज गेली," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी खट्टू होतं.

"मग द्या साबण. मी बघते."

"तुला नाही जमायचं. पाणी निवतंय." वन्संनी साबण मागे घेतला. "मी करते ना, लवकर होतं."

ते शब्द तिच्या कानात गरम तेलासारखे पडले. वन्संनी तिचा हात खालून धरला, उचलला आणि धुतला. तिनं या वेळी हात सैल सोडला नाही. खाली दाबला. वन्संनी वर रेटला, तिनं दाबला.

"अगं, आडमुठी का झालीस? सोड की!"

"तुम्ही सोडा."

"चावशील आता!"

"चावेन."

वन्सं हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्या दिवसापासून आंघोळ म्हणजे झटापट झाली. शेजारणीला आता नवीन ऐकायला मिळू लागलं: "एवढं करून उपकार नाहीत बाई."

दरम्यान आश्रमात तिला पुन्हा आंघोळी मिळाल्या, आणि आठवडाभरातच मेट्रन वैतागली. पैलवान आता कुणाचा हात उचलत नव्हती. बाही समोर धरून उभी राहायची आणि म्हणायची, "घाला." म्हातारी रडायची. ही उभीच. एखादीचा हात जरा हलला की ही त्यावर आपला पंजा ठेवायची आणि म्हणायची, "ढकला मला. जोरात. शिवी द्या हवी तर." गोडआजींच्या मुलीनं येऊन तक्रार केली की आईला हल्ली छळतात. मेट्रन म्हणाली, "तुझ्या एका आंघोळीत माझ्या तीन होतात. काय झालंय तुला?" ती म्हणाली, "काही नाही, नाक आलंय." गोडआजींचा हात मांडीवरून उठून पोटापर्यंत येऊ लागला होता, आणि तिथून परत पडायचा. गोडआजी आता तिच्याकडे बघून हसत नसत. हेडबाईंशी तेवढं तिचं जमायचं. त्या दोघी तळव्याला तळवा लावून एकमेकींना रेटायच्या आणि हेडबाई म्हणायच्या, "गाढवे, हाच का जोर? बाकावर उभी राहा."

एका सुट्टीच्या सकाळी वन्सं खाली दूध आणायला गेल्या. त्या परत यायच्या आत ती न्हाणीघरात शिरली आणि तिनं कडी लावली. स्टूल पायानं कोपऱ्यात ढकललं.

कपडे काढायलाच वेळ गेला. मग तिनं भिंतीला डावी बाजू टेकली, श्वास सोडला आणि उजवा हात अंगापासून दूर न्यायला सुरुवात केली. खांदा कानाकडे चढला. तिनं तो खाली बसवला. पुन्हा. हात थरथरत बाजूला गेला, पूर्ण नाही, फडताळाचं दार किलकिलं व्हावं इतकाच, आणि तिथं थांबला. तिनं तो तिथं धरून ठेवला. कुणी खालून धरलेला नव्हता. डाव्या हातात साबण होता. हात शिरला.

आत गरम होतं. बोटांना खरखरीत केस लागले, वळीतली मऊ, ओली कातडी लागली, वन्संच्या नखांनी उठलेले चरे लागले. तिनं चोळलं. बोटं बाहेर काढून पाहिली: राखाडी, चिकट, आणि तोच आंबलेला वास, पण फिका. तिनं तोंड वाकडं केलं. अगदी मनापासून केलं, कारण तिथं ते बघायला कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत स्वतःच्या घाणीची किळस तिला निवांतपणे करता आली नव्हती.

बाहेर दार वाजलं, दुधाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं आली आणि न्हाणीघराच्या दाराशी थांबली.

"आत आहेस? कडी का लावलीस?"

हात खाली गळला होता, तो पुन्हा वर न्यायचा होता.

"अगं, पडशील! पाठ कोण धुणार?"

"राहू द्या पाठ."

"काखेतलं नीट निघणार नाही तुझ्याकडून. मला माहिताय ना कुठं साचतं ते!"

"नाही निघालं तर नाही निघालं."

वन्संनी दार ढकलून पाहिलं. कडी किरकिरली आणि तशीच राहिली. मग अगदी दाराला तोंड लावून, काचेच्या भोकातून बोलावं तशा, त्या म्हणाल्या, "मग मी आता काय करू?"

हा प्रश्न ऐकून तिला दया यायला हवी होती. ती यावी म्हणून ती क्षणभर थांबलीही. आली ती फक्त त्या बोटांची आठवण, डोळ्यांसमोर धरलेली, लेप दाखवणारी.

"चहा टाका," ती म्हणाली.

पावलं हलली नाहीत. वन्सं तिथंच होत्या, दारापलीकडे, श्वास ऐकू येत होता. पाणी गार झालं होतं. काख आता स्वच्छ झाली होती, एका वेळी जेवढी होईल तेवढी, आणि हात कोपरापासून लटलट कापत होता. तिनं तांब्या भरून पाणी ओतलं आणि पुन्हा साबण उचलला. हात अंगापासून दूर नेला. सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखा.